आढीतला संगणक

विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयांत रत्नागिरी शहरात माझ्या तोडीचा माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तुमची निराशा झाली, तर ती पुरेशा उंचीवरून होईल!

आमच्या गावच्या 'भरतीओहोटी' साप्ताहिकात मी 'उलटी दुर्बीण' नावाचं सदर लिहितो. पृथ्वीवर आणि पृथ्वीबाहेर जे जे नवीन निघेल, त्याची दर आठवड्याला खरडपट्टी काढायची, एवढंच त्या सदराचं काम. यंदा अमेरिकेचं यान युरेनसपाशी पोचलं, तेव्हा मी लिहिलं, 'यान युरेनसला पोचले. आमची मावशी मात्र राजापूरला जायला निघाली आहे ती अजून हातखंब्याच्या नाक्यावर गाडीला हात दाखवत उभी आहे.' मग तो धूमकेतू आला. त्याला मी मुंबईच्या चाकरमान्याची उपमा दिली. वर्षभर येणार येणार म्हणून गाजावाजा, आणि आल्यावर हातात बघावं तर काही नाही! लोक मला रस्त्यात थांबवून दाद द्यायचे. लोक म्हणजे तिघे. पण थांबवून!

मग पृथ्वीवरचाच विषय चालून आला. मी आंबा बागायतदारांच्या सहकारी संघात हेडक्लार्क आहे, आणि संघाने संगणक घ्यायचं ठरवलं. मी लेखणी परजली. 'ज्या कचेरीत टेबलाचा खण उघडायला दोन माणसे लागतात, तिथे संगणक काय उघडणार?' असं लिहून गेलो. तिथे थांबलो असतो तर आज ही कथा लिहायची वेळ आली नसती. पण शेवट दणदणीत हवा, म्हणून एक वाक्य जोडलं : 'हे यंत्र आमच्या संघात ज्या दिवशी चालेल, त्या दिवशी मी चारचौघांत त्याला साष्टांग दंडवत घालीन!'

अंक बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी आत बोलावलं. आमचे अध्यक्ष आत्मारामशेट. त्यांचा आवाज असा, की बागेत एकदा खाकरले की माकडं तालुका बदलतात.

"खातू, वाचलं तुमचं."

"आवडलं का शेट?"

"झकास! संगणकातलं तुम्हाला इतकं कळतं हे ठाऊक नव्हतं. ते मशीन आजपासून तुमच्या ताब्यात."

"शेट, अहो मी त्याच्या विरुद्ध लिहिलंय!"

"म्हणून तर! माझ्या बागेवर मी मुद्दाम मधुमेहवाला राखण्या ठेवलाय. आंब्याला तोंड लावत नाही."

मी लेखणी खिशाला लावून उठलो.

"उद्घाटनाला मुंबईहून सहकार खात्याचे मोठे साहेब येतायत," शेट पुढे म्हणाले, "त्यांच्यासमोर मशीन चाललं पाहिजे. नाही चाललं, तर आपल्या दाभोळच्या केंद्रावर एक जागा रिकामी आहे. हवा छान आहे तिथली."

दाभोळबद्दल माझं मत वाईट नाही. बंदर ऐतिहासिक, मासळी ताजी. पण संघाचं केंद्र म्हणजे खाडीच्या तोंडावरची एक पत्र्याची शेड. तिथे पूर्वी पाठवलेला कारकून परत आला तेव्हा खेकड्यासारखा आडवा चालत होता, अशी वदंता आहे.

घरी येऊन मालनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सगळं सांगितलं. तिने कोलीम मासळी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीन चाललं तर दंडवत, आणि नाही चाललं तर दाभोळ?"

"हो."

"मग घाला की दंडवत! त्यात काय? तेवढंच पोट आत जाईल."

"अगं, माझ्या लेखणीची काही प्रतिष्ठा?"

"लेखणी न्या तुम्ही दाभोळला. मी आणि मुलं इथेच राहू!"

संसारात इतका स्पष्ट पर्याय फार क्वचित मिळतो. मी मशीन चालवायचं ठरवलं.

मशीन आलं. त्याच्याबरोबर मुंबईचा एक इंजिनियर आला. मे महिन्यात, रत्नागिरीत, गळ्यात टाय! त्याने मागची खोली बंद करून घेतली, तिला गार हवेचं यंत्र बसवलं आणि नियम सांगितले. आत धूळ नको. चहा नको. पायताण बाहेर काढायचं. आमचा शिपाई दत्ताराम हे हात जोडून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "सोवळं नेसावं लागंल काय?"

इंजिनियरने मला शिकवलंही. अमुक बटण दाबायचं, पापडासारखी काळी तबकडी फटीत सरकवायची, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली की शहाण्यासारखं मागे सरायचं. मी तिन्ही गोष्टी घोकून पाठ केल्या. मशीन चालू व्हायचं! एकदा तर त्याने 'सुस्वागतम' असं इंग्रजी अक्षरांत लिहूनही दाखवलं. मला आनंद झाला, आणि लगेच दंडवत आठवला. इंजिनियर गेला, आणि दंडवत जरा झटपट उरकता येईल का, याचा मी विचार करू लागलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी चपला काढून खोलीत शिरलो आणि मला घाम फुटला. उपमा नव्हे, खरोखरचा घाम. गार हवा बंद! मशीन मात्र चालू, आणि टेबलाखाली, टेबलामागे, भिंतीपर्यंत भाताचा पेंढा! पेंढ्यात ओळीने हापूस!

"दत्ताराऽम!"

"हळू बोला साहेब, आढी लावलीय."

"ते दिसतंय! इथे का?"

"मोठ्या साहेबांना द्यायच्या करंड्या हायत. फळ गोदामात निम्मं पिकलंय, पण शेट म्हणाले, उद्या पुरतं तयार हवं. मग मी जागा शोधली. ह्या खोलीत ऊन नाय, वारा नाय, कोण येत नाय. आणि ह्या मशिनाच्या पाठीमागनं ऊब काय झकास येते वो! खास आढीसाठीच बनवल्यासारखं हाय!"

"आणि गार हवा?"

"ती बंद केली. गारठ्यात आंबा पिकतो काय कधी?"

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. शेटनी शांतपणे ऐकलं.

"खातू, मशीन पिकायचं आहे का?"

"नाही."

"सडायचं आहे?"

"नाही."

"मग ते थांबेल. आंबा थांबत नाही."

या तर्कापुढे युरेनसला गेलेलं यानसुद्धा परत फिरलं असतं. मी गुपचूप जाऊन मशीन तपासलं. हिरवी अक्षरं आली. आमरसाच्या दरवळात पहिल्यांदाच चालत असावं ते, पण चाललं! मी म्हटलं, आजचा दिवस निभावला, उद्याचाही निभावेल.

उद्घाटनाच्या सकाळी मी ठेवणीतले बूट काढले. मालन म्हणाली, "अहो, तेवढे मोजे बदला."

"मोजे कोण बघतंय, मालन! आज लोक विज्ञान बघायला येणार."

कचेरीत पोचलो तेव्हा दत्तारामने आढी उकलून करंड्या भरल्या होत्या. फळ सोन्यासारखं झालं होतं, आणि शोभेला आंब्याच्या डहाळ्या पसरल्या होत्या. करंड्या मशीनच्या दोन्ही बाजूंना, मशीनवर झेंडूची माळ, पुढे नारळ. 'भरतीओहोटी'चा काशीराम कॅमेरा घेऊन दारातच उभा. हा त्या साप्ताहिकाचा संपादकही आहे, वार्ताहरही, आणि छायाचित्रकारही.

"खातूभाऊ, शब्द लक्षात आहे ना? आज पहिल्या पानाची जागा राखून ठेवलीय!"

मोठे साहेब आले. सगळ्यांनी पायताणं बाहेर काढली. खोलीत वीस माणसं, तेवढाच घाम आणि हापूसचा वास. शेटनी मला खूण केली. मी रुबाबात बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. पडदा काळाकुट्ट! मी मान वळवून दत्तारामकडे पाहिलं. तो माझ्या कानाशी आला.

"साहेब, सकाळी आढी उकलताना एक वायर मध्ये येत होती. ती मी उपसून ठेवली."

"कुठे?"

"हाय तिथंच हाय. टेबलामागं, भिंतीला. पेंढ्याखाली."

शेटचा चेहरा बघितला. त्यावर दाभोळची खाडी स्पष्ट दिसत होती.

"काय झालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब," शेट खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्याकडे शुभकार्याआधी गाऱ्हाणं घालतात. दत्ताराम, घाल!"

दत्ताराम मशीनसमोर उभा राहिला, डोळे मिटले आणि त्याने सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी ह्ये मुंबईचं मशीन आणलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली गरजली. मोठे साहेबही गरजले. सरकारी माणूस, सवय असते.

हीच संधी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले बघून मी गुडघ्यावर आलो. टेबल बुटकं होतं, रांगत जाणं शक्य नव्हतं. मी पोटावर पालथा झालो, डोकं टेबलाखाली घातलं आणि दोन्ही हात भिंतीच्या दिशेने लांबवले.

"ह्या मशिनाला कोणाची दिठ लागली असंल..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणी लेखणीनं वाईट वंगाळ लिवलं असंल..."

"व्हय म्हाराजा!!" यात शेटचा आवाज जरा जास्तच होता.

"...तर ता त्याच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

माझ्या बोटांना पेंढ्याखाली प्लग लागला! मी तो मुठीत धरला. आणि इथे आंब्याच्या डहाळ्यांनी डाव साधला. कलमावर पानं जोडून घरटी करतात ना, ते तांबडे मुंगळे, ते डहाळ्यांबरोबर आले होते आणि करंडीतून उतरून थेट त्या प्लगवर मुक्कामाला होते. एकाने माझं बोट धरलं. दुसऱ्याने मनगट. तिसरा बाहीत गेला.

"देवाऽऽ! मेलो! चुकलं माझं!" मी टेबलाखालून किंचाळलो.

गाऱ्हाणं थांबलं. आणि काशीरामच्या कॅमेऱ्याचा लखलखाट झाला.

"वा!" मोठे साहेब हात जोडून म्हणाले. "याला म्हणतात श्रद्धा!"

मी जिवाच्या आकांताने प्लग भिंतीत खुपसला. आता पडदा उजळणार, निदान दाभोळ तरी टळणार! तेवढ्यात वरचा पंखा गरगरत मंदावला, आणि थांबला. गावातली वीज गेली होती.

ती आली संध्याकाळी, मोठे साहेब करंड्या घेऊन गेल्यावर. म्हणजे मशीन चाललं असंही कोणी म्हणू शकत नाही, आणि नाही चाललं असंही कोणी म्हणू शकत नाही. दंडवताची अट पूर्ण झालीच नव्हती. दंडवत तेवढा झाला होता!

जाण्याआधी मोठ्या साहेबांनी एक आंबा तिथेच चाखला, तो कुठे पिकला हे दत्तारामकडून ऐकलं आणि भाषणात सांगितलं, की संगणकावर पिकवलेल्या हापूसची गोडी काही औरच. सगळ्या संघांनी हा प्रयोग करावा. शेटनी माझ्या सुजलेल्या हाताकडे बघत एवढंच म्हटलं, "दाभोळचं राहू द्या सध्या."

गुरुवारी पहिल्या पानावर फोटो आला. खाली मथळा : 'शब्दाला जागणारा लेखक!' मालनने तो कापून चौकटीत बसवला आणि दर्शनी भिंतीवर लावला.

"माझ्या आईच्या पाया पडताना तुमची कंबर धरते," ती म्हणाली, "इथे बरे छान सपाट झालात!"

घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी फोटो नीट बघायला सांगतो. मशीनचा पडदा बघा, तो काळा आहे! मशीन चाललेलं नाही! मी दंडवत घातलेलाच नाही! लोक पुढे होतात, चष्मा सावरतात, बराच वेळ निरखून बघतात. आणि मग अगदी हळुवारपणे विचारतात, "खातूसाहेब, डाव्या मोज्याला भोक आहे का हो?"