तीन हात अंतर

तुळशीराम मास्तरांसमोर 'जवळ' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बाजारच्या दिवशी कोणी सहज म्हणालं, "घर जवळच हाये मास्तर, या चहाले," की ते जागीच थांबत. "किती हातांच्या आत? अन् कोणत्या बाजूनं?" बोलावणारा गोंधळे, मान हलवत पुढे जाई आणि मास्तरांचा चहा बुडे.

मोताळ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो, ते बीजगणित. केवलमूल्य हे त्यांचं वेड. संख्येच्या दोन बाजूंना दोन उभ्या रेघा ओढल्या, की तिचं शून्यापासूनचं अंतर तेवढं उरतं. उणे पाच असो की अधिक पाच, उत्तर पाच. "अंतराले उणं नसते बे!" ते फळ्यावर खडू आपटत. "मोताळ्याहून बुलढाणा जेवढं दूर, तेवढंच बुलढाण्याहून मोताळा. घाटाचा चढ तुह्या पायाले, अंतराले नाही."

मग ते फळ्यावर |क्ष − ५| ≤ ३ लिहीत आणि वर्गात बकरी आणत.

"खुटा पाचवर, दावं तीन हात. बकरी कुठून कुठवर चरंन?"

"दोनपासून आठपर्यंत!"

"अन् गवत कुठलं वाचंन?"

"दोनच्या अलीकडचं अन् आठच्या पलीकडचं," असं एकदा पाटलांचा मुलगा म्हणाला. पाटील शाळा कमेटीचे अध्यक्ष.

"अन्?" मास्तर कळवळले. "एकच काडी दोन्हीकडं उगवते काय बे?"

"किंवा!" ओसरीवरून आवाज आला. "मले फळा दिसत नाही मास्तर, पण बकरी बराबर दिसून राह्यली."

तो सोनाजी. नांदुऱ्याच्या जिनात काही वर्षं कापसात राबून पुन्हा शाळेत आलेला, मिशा असलेला विद्यार्थी. मॅट्रिक होऊन मास्तर व्हायचं त्यानं ठरवलं होतं. तो महारवाड्यातून येई, म्हणून त्याची जागा ओसरीवर. ज्याला फळाच दिसत नाही, त्यानं मॅट्रिक व्हायचं कसं?

"दिसत नाही तर आत ये," मास्तर म्हणाले. सोनाजी आत आला आणि मागच्या बाकावर बसला.

गावात बोंब झाली. कमेटीचा हुकूम आला: 'वर्गात कोणत्याही विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्यापासून किमान तीन हात अंतर राखावे.' हुकूम कोणासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण जात लिहिली तर वरून जाब विचारला जाईल, या भीतीनं ती कागदावर आली नव्हती. पाप करायचं, पण त्याचं नाव घ्यायला लाजायचं! वर्गात तीन हात मोकळी जागा नव्हती, म्हणजे सोनाजी पुन्हा ओसरीवर.

मी तिरीमिरीत हुकमाविरुद्ध पत्रक लिहिलं आणि मास्तरांना दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

"उद्गारचिन्हं लय झाली हो," ते म्हणाले. "यापेक्षा कमेटीनं चांगलं लिहिलं. 'कोणत्याही'! काय शब्द टाकला हाये!"

मला त्यांचा राग आला. भित्रा माणूस, असं मी मनात म्हणालो.

सकाळी ते तीन हात लांबीची काठी घेऊन आले आणि सगळा वर्ग मैदानात काढला. काठीनं मापत एकेकाला बसवलं. प्रत्येक जण प्रत्येकापासून किमान तीन हात. वर्ग पार शाळेच्या कुंपणापर्यंत पसरला. सोनाजीच्या वाट्याला कडुलिंबाची सावली आली आणि पाटलांच्या मुलाच्या वाट्याला ऊन. मास्तर घसा फोडून बीजगणितातली असमानता शिकवू लागले. रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबल्या. एका गाडीवानानं तर मधूनच उत्तरही दिलं.

तिसऱ्या दिवशी पाटील आले. मुलाचं नाक उन्हानं सोललं होतं.

"मास्तर, हा काय तमाशा?"

"तुमचाच हुकूम, पाटीलसाहेब. सोनाजी याच्यापासून तीन हात, तर हा बी सोनाजीपासून तीन हात. आता दूर कोण बसला, मले तं सांगता येत नाही."

"मले काय म्हणायचं होतं ते तुमाले समजते!"

"मंग नाव घालून लिहून द्या. सही करून."

मास्तरांनी खिशातून टाक काढला आणि अदबीनं पुढे केला. पाटलांनी टाकाला हात लावला नाही. माझ्या पत्रकाला जे जमलं नसतं, ते या माणसानं एका काठीनं करून दाखवलं होतं. पाटील मुलाला "चाल, आत बस," म्हणाले आणि निघून गेले.

वर्ग आत भरला. मी दारात उभा होतो. मास्तरांनी सोनाजीला फळ्यापाशी बोलावलं आणि उदाहरण दिलं: क्षचं केवलमूल्य शून्य किंवा शून्याहून कमी. सोनाजीनं विचार करून लिहिलं, 'उत्तर नाही.'

"चुकलं," मास्तर म्हणाले, आणि तिथंच थबकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्षभर ते सोनाजीची पाटी जमिनीवर ठेवायला लावून, उभ्या उभ्या वाकून तपासत आले होते. आताही ते त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर उभे होते. कपाळावर घाम आला होता. घरी म्हातारी आई होती, सोवळ्याओवळ्याची. जन्मभराची सवय होती.

मग ते पुढे गेले. सोनाजीचा खडू धरलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला, फळ्यावरच्या संख्यारेषेच्या शून्यावर नेला आणि तिथं एक ठिपका काढला.

"असते," मास्तर हळू म्हणाले. "एकच असते, पण असते."

ठिपका केव्हाच ठळक झाला होता. ते गिरवतच राहिले.