दगड, वजनी, नग एक

आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेल्या पंचशीला सोनकांबळे यांना मांजरा नदीच्या वाळूत एक दाढ सापडली. विटेएवढी, पार दगड झालेली, वर आडव्या धारा. बत्तीस वर्षं गावोगाव लस टोचत हिंडताना बाईंनी ओढ्यानाल्यांतून असे कितीतरी दगड जमवले होते. घरच्या कपाटात प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी होती. या दाढेच्या चिठ्ठीवर काय लिहावं ते कळेना, म्हणून त्यांनी सरकारला विचारलं. शहाणी माणसंही अशा चुका करतात.

जिल्ह्याच्या कार्यालयात आवक-जावक लिपिक वैजनाथ बसतात. दाढ मेलेल्या जनावराची, म्हणून त्यांनी अर्ज पशुवैद्यकीय शाखेकडे धाडला आणि दाढ टेबलावर ठेवून घेतली. महिन्याभरानं शाखेचा शेरा आला: जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक नमूद नाही. बाईंनी कळवलं की कान सापडलेला नाही. मग मालकाचं नाव विचारलं. मृत्यूची खबर अठ्ठेचाळीस तासांत का दिली नाही, याचाही खुलासा मागवला. बाईंनी इमानदारीत लिहिलं, की मृत्यूला पन्नास हजार वर्षं तरी झाली असावीत. उत्तर आलं, ‘विलंब मोठा असून तो माफ करण्याचे अधिकार या कार्यालयास नाहीत.’

सात महिन्यांनी बाई दाढ परत मागायला आल्या. त्या दिवशी मी अनुदानाचा अर्ज घेऊन रांगेत होतो. दाढ वैजनाथांच्या टेबलावरच होती, पंख्याखाली, आमच्या अर्जांवर वजन म्हणून. मधल्या काळात कार्यालयाची तपासणी झाली, वस्तू नोंदीविना आढळली, म्हणून ती सामानाच्या वहीत चढली होती: ‘दगड, वजनी, नग एक.’

“सिस्टर, आता ती सरकारी चीज हाय,” वैजनाथ म्हणाले. “वहीतून कमी केल्याबिगर देता येत न्हाई. अन् कमी करायची ती निकामी चीज. ही तर रोज काम करून राहिली.”

“पण ती दाढ हाय, वैजनाथ.”

“आसंल. तुम्ही ओळख इचारली व्हती, ती आम्ही लेखी कळवली.”

कळवली होती. पत्र बाईंच्या पिशवीतच होतं. ‘आपण सादर केलेल्या वस्तूची ओळख पटली असून ती पेपरवेट आहे. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

बाईंनी दाढ उचलली, तान्हं लेकरू धरावं तशी छातीशी धरली आणि दाराकडं चालू लागल्या. पंख्यानं अर्ज खोलीभर उडाले. वैजनाथ जागचे हललेही नाहीत. त्यांना हलायची गरजच पडली नाही.

“ओ बाई, ठेवा तो दगड. आमचे कागद उडून राहिले.” रांगेतून पहिला आवाज आला.

रांगेनं दार अडवलं. दाढ हातातून काढून घेतली आणि होती तिथं नेऊन ठेवली. त्या रांगेतल्या निम्म्या दंडांवर बाईंनीच टोचलेल्या लसीचा वण होता.

तो पहिला आवाज माझा होता, हे मी कबूल करतो. माझ्या मागं कोण उभं होतं, ते तुम्ही आपली बाही वर करून बघा.