छपरावरची नाव

"मागे एक मीटर चार सेंटिमीटर!" टेप गुंडाळत नियमकाका म्हणाले. "चार जास्त. पुढे ढकल."

"मघाशी ढकलली तर म्हणालात, समोरचं दिसत नाही," काकू म्हणाल्या. "आता मी काय नाव कुरतडू?"

नियमकाका वाहन परवाना कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. गाडीच्या छपरावरून बाहेर डोकावणाऱ्या शिड्या, पाइप, पलंग त्यांनी एकतीस वर्षं अडवले आणि तितकीच वर्षं कचेरीच्या खिडकीतून तळ्यातल्या नावा पाहिल्या. अडवलेल्यांची नोंद वहीत होती. पाहिलेल्यांची कुठेच नव्हती. आता जुनी, दोघांना बसता येईल अशी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद नाव, घेऊन झाली होती. तळं पाचला बंद व्हायचं.

नाव चार बोटं पुढे सरकली. भार तसूभरही हलता कामा नये, म्हणून काकांनी दोर चारही खिडक्यांतून आरपार ओढला आणि फायलींच्या गठ्ठ्याला मारायचे तशा तिहेरी गाठी मारल्या. दारं आवळून बंद झाली.

"आता आत कसं जायचं?"

"खिडकीतून. नियमात दाराचा उल्लेख नाही."

"माझ्या गुडघ्यांचा तरी आहे का?"

वाटेत हवालदारानं अडवलं. "मागे लाल फडकं कुठंय? उतरा खाली."

"उतरता येत नाही," काका ओशाळून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खिडकीच्या अडवल्या जाणाऱ्या बाजूला होते. शेवटी पाय आधी काढून उतरले. काकूंनी पिशवीतून लाल टॉवेल दिला. त्यात अर्धा तास गेला.

तळ्यावर पोचले तेव्हा पाचाला वीस मिनिटं कमी होती. रस्त्यातल्या धक्क्यांनी गाठी दगड झालेल्या. नखं तुटली, दात लावून झाले. तळ्याचा राखणदार विळा घेऊन आला. "कापू?"

"नको! मग परत कशी नेणार? न बांधलेला भार रस्त्यावर..." काकांनी गाठीवर हात ठेवला. समोर पाणी चमकत होतं, वीस पावलांवर.

काकूंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग चप्पल काढून बॉनेटवर पाय दिला. "हात द्या. पुढे मी बसते."

दोघं छपरावरच्या नावेत बसली. काकांनी वल्हं हवेत घातलं, डावीकडे, उजवीकडे. वारा खरा होता.

राखणदारानं शिट्टी फुंकली. "काका, पाच वाजले! तळं बंद!"

"हळू रे भाऊ," काकू मागे न वळता म्हणाल्या, "आत्ता कुठे आम्ही मधोमध आलोय."