नंबर एकचा अल्बम

पेंडसेकाकांच्या गाडीत बसायची एकच अट असते: गाणं मध्येच बदलायचं नाही. इंग्लंडातल्या रीडिंग गावात आम्ही शेजारी, ऑफिसही एकच, त्यामुळे रोज सकाळी मी त्यांच्या गाडीतून जायचो. दोन वर्षं रोज एकच जपानी बाई आमच्या कानाशी गात होती. स्वतः गाणी लिहून स्वतःच चाली लावणारी ही गायिका. तिचा हा अल्बम तिकडे विक्रीत पहिला आला होता. काकांना जपानी अक्षरही कळत नव्हतं. पण मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "नंबर एक आहे. उगाच नाही."

काकू गेल्यावर एकटा राहणारा हा माणूस कौतुकाच्या बाबतीत कंजूष. आयुष्य सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात गेलेलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी चालू आरती थांबवून ताल चुकतोय म्हणून सांगितलं होतं. ह्या अल्बमात मात्र त्यांना एक चूक सापडली नव्हती. त्याच्या सीड्या ते मागवायचे आणि वाटायचे. डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टला दिली, बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दिली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं नाव 'जपानी पेंडसे' पडलं. ते मीच पाडलं होतं.

आमच्या सईच्या बारशाला लोकांनी चांदीच्या वाट्या आणल्या. काकांनी सीडी आणली, वर स्वच्छ अक्षरात 'चि. सईस' लिहून. घरात सीडी प्लेअर नव्हता. पुढे जुने कपडे चॅरिटी शॉपला, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला, द्यायच्या पिशवीत मी ती टाकून दिली.

एका शनिवारी बेल वाजली. दारात काका, हातात तीच सीडी, तिच्यावर त्या दुकानाचा किमतीचा स्टिकर.

"कपड्यांबरोबर चुकून गेली असेल," ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. बायको चहा टाकायला म्हणून आत गेली ती बाहेर येईना. मी सीडीच्या आतली पुस्तिका काढून उगाच चाळू लागलो. काकांनी ती माझ्या हातून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि जपानी अक्षरांच्या गर्दीतल्या एकुलत्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. मुग्धा साठे, असिस्टंट साउंड इंजिनिअर.

"माझी मुलगी."

त्यांना मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. साठे कसं, असं मी विचारलं. तिच्या आईचं माहेरचं आडनाव, ते म्हणाले. मग उभ्या उभ्याच सांगितलं. मुग्धानं कॉलेज सोडून रेकॉर्डिंग शिकायचं ठरवलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ते तिला म्हणाले होते, असले धंदे करायचे तर माझं नाव लावू नकोस. ती टोकियोला गेली. काकू होत्या तोवर त्यांच्याकडून खुशाली कळायची. काकूंच्या अंत्यविधीला ती आली, दुसऱ्या दिवशी परत गेली. त्यानंतर तिनं ह्यांचा फोन एकदाही उचलला नाही.

काका सीडीवरचा स्टिकर नखानं खरवडत होते. अर्धाच निघाला.

"जपानी लोकांना पेंडसे म्हणायला जड जात असेल," ते म्हणाले.