पीठवाल्या पाकोळ्या

सोनवणेकाका कोणाकडे गेले की चहाच्या आधी रव्याचा डबा मागतात. झाकण उघडतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि आत कोणी राहायला आलंय का ते बघतात. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आमची धड ओळखही झाली नव्हती. "खातंय काय ते सांगा, मॅडम," म्हणाले, "नाव मी सांगतो."

काका मूळचे जळगावचे. जकात नाक्यावर नोकरीभर त्यांनी लोकांचे ट्रक उघडून पाहिले. आता अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे, निलेशकडे, आमच्या टाउनहाउसच्या ओळीत शेवटच्या घरात राहतात. इथे उघडायला ट्रक नाहीत, म्हणून ते पाकोळ्यांकडे वळले असावेत. मोठ्या पतंगांत त्यांना रस नाही. "मोठ्यांचं कौतुक कोणीही करतं." त्यांना नखाएवढी पाकोळी लागते, आणि तिचं नाव ते जेवणावरून ठेवतात. ही लोकरवाली, ती पीठवाली, ती ओकवाली. ओकच्या पानात, पापुद्र्याच्या आत राहून हिरवं तेवढं खाणारी अळी दाखवायला त्यांनी एकदा माझं लॉन कापणाऱ्या माणसाला थांबवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो अर्धा तास भिंगातून बघत होता. माझं गवत त्या आठवड्यात अर्धंच कापलं गेलं.

गेल्या गणपतीत मंडळाने 'कीटकतज्ज्ञ' म्हणून त्यांचा सत्कार केला. अध्यक्ष वीस मिनिटं निसर्गावर बोलले. त्यात पाकोळी काही आली नाही. शाल अंगावर पडल्यावर काकांनी तिचं टोक दोन बोटांत चोळलं आणि माइकवरच सांगितलं, "ॲक्रेलिक आहे. हिला कोणी तोंड लावणार नाही. निर्धास्त राहा."

मग मार्चमध्ये आमच्या ओळीतल्या पाच घरांत पीठवाली निघाली. माझ्या बेसनाला जाळी धरली, शेजारच्यांच्या बदामांत अळ्या झाल्या. काकांची सून प्राजक्ता वैतागली. "मूळ डबा सापडू दे, बाबा. कोणाचा का असेना, सरळ गार्बेजमध्ये."

काका घरोघर तपासणीला निघाले. "इथे नाही. पुढचं घर." जाता जाता माहितीही देत होते. "जे काय खायचं ते अळी असताना. पंख फुटले की ही काही खात नाही. आधीच्या शिदोरीवर जगते." चार घरं झाली. तुमचंही बघू या, असं मी म्हटल्यावर काका म्हणाले, "माझं मी बघतो."

त्यांचं भिंग माझ्याकडे राहिलं होतं. शनिवारी दुपारी ते द्यायला मी वर त्यांच्या खोलीत गेले. खिडकीत काचेची बरणी होती, तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. आत पिठाचे जाळीदार गोळे, आणि काचेवर बसलेल्या डझनभर पाकोळ्या. फडक्याला बारीक भोकं पडली होती.

"काका, हे काय?"

"भाजणी." ते भिंग पुसत बसले. "निलेशच्या आईची. दोघांचा व्हिसा आला, तिने आधी भाजणी दळून बॅगेत भरली. बॅग आली, मी आलो. तिचं तिकीट कॅन्सल करावं लागलं. मला एकट्याला खाववेना. मग ह्या आल्या. म्हटलं, तिच्या हातचं कोणीतरी पोटभर खातंय. फडकं कुरतडतील असं वाटलं नव्हतं, मॅडम. एवढं शिकून ते लक्षात आलं नाही."

"उद्या घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी आणते," मी म्हणाले. "आतच राहतील."

खालून प्राजक्ताने हाक मारली. "ताई, आलाच आहात तर बाबांची खोली बघा ना. आहे का काही?"

काका उठून उभे राहिले. नाक्यावर ज्याचा ट्रक अडवला जायचा, तो ड्रायव्हर असाच उभा राहत असेल.

"काही नाही गं," मी म्हणाले. "माल साफ आहे."