मान हलवणारे सर

परदेशातल्या लेकीकडे निघताना सरांनी एक छोटासा निर्णय घेतला: कॉम्प्युटर बरोबर न्यायचा. त्यात त्यांचे ‘घरगुती विजेपासून सावधान’ हे पुस्तक अर्धवट पडले होते. (पुस्तक गेली कित्येक वर्षे अर्धवटच होते, पण घरच्या घरी.)

सरांच्या पत्नीने त्या यंत्राचे नाव ‘सवत’ ठेवले होते. सवतीबरोबर ट्रान्सफॉर्मरही निघाला, कारण तिकडच्या विजेचा दाब इकडच्या निम्मा. तो जात्याच्या तळीसारखा जड. त्याच्यापायी नातीसाठी विणलेले सगळे स्वेटर बॅगेतून बाहेर पडले.

“अहो, तिकडे नाही चालला ना हा डबा, तर तिकडेच टाकून यायचा. सांगून ठेवते!”

“चालेल गं. जन्मभर वीज शिकवली मी.”

“हो ना. आणि बल्ब बदलायला शेजाऱ्यांना हाक मारता.”

लेकीच्या दिवाणखान्यात सरांनी रबरी चपला घातल्या, सगळ्यांना लाकडी खुर्च्यांवर उभे केले आणि डोळे मिटून बटण दाबले. ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा घुमू लागला. धूर नाही, ठिणगी नाही! सरांना स्वतःचाच संशय आला.

तो खरा ठरला टीव्हीवर. त्या जुन्या कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा नव्हता, तो टीव्हीलाच जोडायचा. पण रंग उडालेले आणि चित्र सारखे वर वर पळतेय.

“बाबा, इथल्या टीव्हीची पद्धतच वेगळी,” जावई म्हणाले. “आपल्याकडचं चित्र त्याला धरता येत नाही.”

“झालं! उद्या सकाळी जुनं सामान न्यायला गाडी येते म्हणे,” पत्नी म्हणाली.

 सर टीव्हीसमोर बसून राहिले आणि एकाएकी ओरडले, “वाचता येतंय! चित्राबरोबर मान वर न्यायची, की झटकन खाली! हे बघा!”

लेकीने करून पाहिले. जावयांनी करून पाहिले. नातीला तर गंमतच वाटली. दुपारभर सोफ्यावर चार माना एका तालात हलत होत्या. खिडकीतून पोस्टमनने पाहिले आणि त्यानेही अदबीने मान हलवली.

पत्नी पदर खोचून टीव्हीशेजारी उभी राहिली.

“अहो, ही सवत उद्या गाडीत द्यायची ना?”

सरांची मान हलली. (ते तिसऱ्या प्रकरणात होते.)

“मनापासून?”

मान हलली.

“आणि तुम्हा सगळ्यांचंही तेच म्हणणं?”

लेक, जावई, नात, सगळ्यांच्या माना हलल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

सकाळी सर उठले ते मान धरूनच. वर-खाली जरा हलत होती. डावी-उजवीकडे मात्र मुळीच नाही. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. सर कॉम्प्युटरला छातीशी कवटाळून दाराशेजारच्या कपाटाकडे धावले, तो लपवायला. पण दारात गाडीवाला आधीच उभा. त्याने डब्याकडे बोट दाखवून तिकडच्या भाषेत काहीतरी विचारले.

घाबरले की सरांची आधी परभाषा जाते, मग मातृभाषा. दोन्ही हात गुंतलेले. उरली मान. ‘नाही’ म्हणायला त्यांनी ती सर्व शक्तीनिशी हलवली.

ती वर गेली आणि खाली आली.

“थँक यू,” म्हणून गाडीवाल्याने डबा त्यांच्या हातांतून अलगद काढून घेतला. ट्रान्सफॉर्मर त्याने उचलून पाहिला आणि परत ठेवला. फार जड म्हणे.

“अगं, माझं पुस्तक!” गाडी वळणापलीकडे गेल्यावर सरांना वाचा फुटली.

“काल घरादारासमोर हो म्हणालात, आज परक्यासमोर. एवढ्या वेळा तर बोहल्यावरही म्हणाला नव्हतात,” पत्नी त्यांच्या मानेला बाम चोळत म्हणाली. “आता परत जाताना बॅगेत फक्त माझं सामान. आणि तो ट्रान्सफॉर्मर तुम्ही हातात धरून बसायचं. कळलं?”

सरांनी ठाम नकार दिला.

मान वर गेली आणि खाली आली.