अडीच इंचांचा पडदा

माणसानं गाडीचं बोनेट उघडू नये. उघडलंच तर आत बघून "हं" म्हणावं आणि बंद करावं. आमच्या हेडक्लार्कांनी त्या रविवारी सकाळी बोनेट उघडून "हं" म्हटलं, इथवर सगळं ठीक होतं. पण नंतर ते पाना शोधायला घरात गेले.

त्याला कारणही तसंच होतं. गाडी दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, आणि हेडक्लार्कीणबाईंना ती जागा कपडे वाळत घालायला हवी होती. त्यांनी परस्पर भंगारवाल्याला रविवारी चार वाजता यायला सांगून टाकलं. "चारच्या आत सुरू झाली तर राहू दे," बाई म्हणाल्या. "नाही झाली, तर त्याच्या टेम्पोत तुम्हीच ढकलून चढवायची." हेडक्लार्कांचा त्या गाडीवर जीव होता. लेक दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली ती याच गाडीतून. ती आता लग्न होऊन सासरी गेली, गाडी मात्र कुठेच जात नव्हती. (ऑफिसात मंजूर नसलेली एक फाईल हलू न देणारा हा माणूस, पण गाडी भंगारात जाणार म्हटल्यावर त्याला रात्रभर झोप आली नाही.)

दुखणं पेट्रोलच्या पंपात सापडलं. रस्त्यावरचा पंप नव्हे. इंजिनाच्या बगलेला मुठीएवढा एक डबा असतो, तो. त्याच्या पोटात रबर चढवलेल्या कापडाची गोल चकती असते. ती खालीवर होते आणि टाकीतलं पेट्रोल ओढते. गॅरेजवाले तिला पडदा म्हणतात. हा पडदा फाटून त्याची चाळण झाली होती. हेडक्लार्क त्याच्याकडे अशा अभिमानानं बघत राहिले, की जणू तो त्यांनीच फाडला होता.

तेवढ्यात बाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

"अगं, बाजारात चाललीस ना?" हेडक्लार्क बोनेटखालून म्हणाले. "येताना एक पडदा आण. जुना पार फाटलाय."

बाई जागच्या जागी थबकल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवा पडदा हवा, हे त्या गेलं वर्षभर सांगत होत्या. सांगून सांगून जीभ झिजली होती.

"तुमच्या लक्षात आलं?"

"म्हणजे काय? त्याच्यावाचून सगळं अडलंय."

बाईंना भरून आलं. "केवढा आणू?"

"अडीच इंच. चारी बाजूंनी सारखा."

"अडीच?"

"अडीच. कडेनं छिद्रं हवीत, सहा. आणि मधून दांडा जातो."

"दांडा आहे की आपल्याकडे."

"हो, हो, दांडा जुनाच चालेल. कापड मात्र जाड बघ. पेट्रोलनं खराब होता कामा नये."

म्हणजे ड्रायक्लीनचा, भारीतला, असं बाईंनी ताडलं. "कुठून घेऊ?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून. दुपारी बंद होतं, लवकर जा."

कोपऱ्यावर दुकानं दोन होती. एक स्पेअर पार्टचं, दुसरं पडदे आणि गाद्यांचं. दोन्हींची भिंत एक. राहता राहिले इंच. नवरा आकड्यात एखादं घर हमखास चुकतो, हा बाईंचा जुना अनुभव. त्यांनी वाटेतच इंचांचे फूट करून टाकले.

दुपारी त्या पुडकं घेऊन आल्या तेव्हा हेडक्लार्क स्क्रू ओळीनं मांडून वाट बघत होते. त्यांनी घाईघाईनं दोरा तोडला. आतून पिवळ्या फुलांचा, सहा चकचकीत कड्यांचा पडदा उलगडत गेला तो थेट बंपरपर्यंत.

"हे काय?"

"पडदा. छिद्रं मोजून घ्या, सहा आहेत."

"अगं, पंपाचा पडदा."

"पंपाला खिडकी कशाला असते?"

हेडक्लार्कांनी फाटकी चकती पुढे केली. बाईंनी एकदा चकतीकडे पाहिलं, एकदा पिवळ्या फुलांकडे. स्पेअर पार्टचं दुकान एव्हाना बंद झालं होतं. दोघंही पायरीवर बसली.

"मला वाटलं, वर्षभरानं माझं एक तरी ऐकलंत," बाई हळूच म्हणाल्या.

गाडी जाणार याचं हेडक्लार्कांना दुःख होतंच, पण हे वाक्य त्याहून जड निघालं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी पडदा उचलला. "कापड चांगलं आहे हं. जाड आहे."

"असणारच. दुकानदार म्हणाला, पेट्रोल लागलं तरी काही होत नाही असा एकच आहे. मागून रबर आहे त्याला. गॅरेजवाले नेतात."

हेडक्लार्कांनी पडदा उलटा केला. मागे काळं कुळकुळीत रबर. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पण विचारायची हिंमत होईना. बाई उठल्या, आत गेल्या आणि ज्या कात्रीला नवऱ्यानं हात लावलेला त्यांना खपत नसे ती कात्री घेऊन आल्या.

"खालच्या काठाचं कापा. मी दुमडून शिवेन, कळणारसुद्धा नाही."

पहिली चकती अंड्याच्या आकाराची झाली. दुसरी बाईंनी कापली, म्हणून गोल झाली. छिद्रं दाभणानं पाडली, दांडा ओवला, आणि हेडक्लार्क पडद्याखालची स्प्रिंग दाबून बसवू लागले तेव्हा ती टुणकन उडून फाटकाबाहेर गेली. बाहेर टेम्पो चारच्या आधीच येऊन थांबला होता. भंगारवाला स्प्रिंग हातात घेऊन आत आला.

"साहेब, ही वजनात धरू का?"

"आण इकडे," हेडक्लार्क म्हणाले. आयुष्यात ते एवढ्या जरबेनं कुणाशी बोलले नव्हते.

पंप बसला. हेडक्लार्क गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. भंगारवाल्यानं दोर सोडायला घेतला. "अजून पेट्रोल वर आलं नसेल," बाई म्हणाल्या. (सकाळपर्यंत त्यांना पंप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.) तिसऱ्यांदा गाडी शिंकली, खोकली, काळा धूर सोडला आणि थरथरत सुरू झाली. सुरू झाली ती राहिलीच.

हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. धुरानं, असं ते सांगतात. बाई शेजारी येऊन बसल्या. भंगारवाल्यानं निमूट टेम्पो मागे घेऊन वाट करून दिली आणि गाडीनं साऱ्या वस्तीला दोन फेऱ्या मारल्या. गरज नसताना हॉर्न वाजवला. गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीवर पिवळी फुलं डोलू लागली, चार बोटं आखूड. त्या घरात एवढा आनंद लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झाला असेल.

सोमवारी हेडक्लार्क गाडी घेऊन ऑफिसला गेले आणि मुद्दाम साहेबांच्या खिडकीखाली उभी केली. कधी नव्हे ते साहेब खाली आले.

"तुमची गाडी?"

"हो सर. काल मी स्वतः पडदा बसवला हिचा. घरच्या घरी."

साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या काचेतून आत पाहिलं, मागच्या काचेतून पाहिलं, बाजूच्या काचांवर बोट फिरवलं. हेडक्लार्क छाती काढून उभे होते.

"काढून ठेवलात ते बरं केलंत," साहेब म्हणाले. "काचांना पडदे लावले की हल्ली पोलीस दंड करतात."